मिती, मौजे आणि नकाशा : मराठेशाहीच्या संशोधनात स्थलकालविषयक माहितीच्या खुलेपणाचा प्रश्न

प्रस्तावना :

इतिहासातील कोणताही प्रसंग काल, स्थल आणि व्यक्ती या तीन घटकांनी सिद्ध होतो, ही मांडणी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यापासून मराठी इतिहासलेखनाला परिचित आहे. यांपैकी व्यक्ती या घटकाची चर्चा आपल्याकडे विपुल झाली. वंशावळी, चरित्रे, कैफियती यांच्या आधारे घराण्यांचा शोध घेतला गेला. काल आणि स्थल या घटकांकडे मात्र बहुधा तळटीपेचा विषय म्हणून पाहिले गेले. गेल्या दोन-तीन दशकांत संगणक, उपग्रहचित्रे आणि भौगोलिक माहिती प्रणाली यांच्या प्रसारामुळे हे दोन घटक पुन्हा संशोधनाच्या केंद्रस्थानी आले आहेत. पत्रांतील गावे नकाशावर बिंदूंच्या रूपाने दाखवणे, मोहिमांचे मार्ग रेखाटणे, दुष्काळ व साथी यांचा प्रसार कालक्रमाने मांडणे ही कामे आता महाविद्यालयीन पातळीवरही होऊ लागली आहेत.

याच काळात खुल्या संशोधनाचा आग्रहही जगभर वाढला. संशोधकाने केवळ निष्कर्ष न देता त्यामागील माहिती इतरांना तपासता व वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध करून द्यावी, हा त्या आग्रहाचा आशय होय. २०१६ मध्ये मांडली गेलेली 'फेअर' तत्त्वे, म्हणजे माहिती शोधता येणे, मिळवता येणे, अन्य माहितीशी जोडता येणे आणि पुन्हा वापरता येणे, ही या विचाराची सर्वमान्य चौकट झाली आहे. परंतु ही चौकट इतिहासाला लावताना एक अडचण उभी राहते. मोडी पत्रातील मिती आणि आजची तारीख, तसेच दफ्तरातील मौजे आणि नकाशावरील अक्षांश-रेखांश, यांच्यामध्ये संशोधकाचा निर्णय उभा असतो. तो निर्णय प्रकाशित होत नसेल, तर माहिती उपलब्ध असूनही ती तपासता येत नाही. प्रस्तुत निबंधात मराठेशाहीच्या साधनांतील काही उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती :

१) मराठी ऐतिहासिक साधनांतील कालनिर्देशाचे स्वरूप व त्यातील संदिग्धता स्पष्ट करणे.
२) स्थलनिर्देशातील बदल आणि नकाशांच्या उपलब्धतेचा इतिहास यांचा आढावा घेणे.
३) स्थलकालविषयक माहिती खुल्या स्वरूपात ठेवताना कोणत्या बाबींची नोंद आवश्यक आहे, ते सुचवणे.

अभ्यासाची व्याप्ती प्रामुख्याने सतराव्या व अठराव्या शतकातील साधनांपुरती मर्यादित ठेवली असून विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केले आहे.

कालनिर्देशाचे स्वरूप :

मराठेशाहीतील कागदपत्रांत एकाच वेळी अनेक कालगणना नांदताना दिसतात. शालिवाहन शक आणि चांद्र मिती ही धार्मिक व लौकिक व्यवहारात प्रचलित होती. राज्यकारभाराच्या पत्रांत शुहूर सन वापरला जाई. महसुलाच्या हिशेबात फसली सन येई. १६७४ पासून राज्याभिषेक शकाचीही त्यात भर पडली. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले असता इसवी सन येतो, तर दख्खनच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. पानिपतचे वर्ष घेतल्यास शके १६८२, शुहूर सन ११६१ आणि फसली सन ११७० या तिन्ही संख्या १४ जानेवारी १७६१ या एकाच दिवसाकडे निर्देश करतात. उत्तर हिंदुस्थानातील फसली सन दख्खनच्या सनाशी जुळत नाही, हे ध्यानात न घेतल्यास चूक संभवते.

चांद्र मितीच्या बाबतीतही असाच प्रकार आहे. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपल्याकडील फाल्गुन वद्य तृतीया ही उत्तरेकडील चैत्र कृष्ण तृतीया ठरते. उत्तरेत गेलेल्या मराठी सरदारांची पत्रे आणि तिकडील स्थानिक कागद शेजारी ठेवून वाचताना शुक्ल पक्षात काहीच अडचण येत नाही. कृष्ण पक्षात मात्र एका महिन्याची तफावत पडते.

या गुंतागुंतीतून वाट काढण्यासाठी मागील पिढ्यांनी मोठे परिश्रम घेतले. रॉबर्ट सिवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय कालगणनेवरील संयुक्त ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाजी प्रभाकर मोडक यांची जंत्री मराठी संशोधकांच्या नित्य वापरात होती. एल. डी. स्वामिकन्नू पिल्लई यांच्या १९२२ मधील पंचांगविषयक ग्रंथाने इ. स. ७०० ते १७९९ या काळातील तिथी-तारखांची कोष्टके उपलब्ध करून दिली. ही साधने आजच्या परिभाषेत खुल्या माहितीचीच होत, कारण त्यांत गणिताची रीत सांगितलेली असल्याने वाचकाला पडताळा घेता येतो.

एका सव्वालाची दोन वर्षे :

तरीही गणिताने न सुटणारी काही स्थळे राहतातच. शुहूर सन हा सौर मानाचा असून सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून, म्हणजे जूनच्या आरंभी, सुरू होतो. परंतु पत्रांत त्याच्या जोडीला हिजरी महिना आणि चंद्राची तारीख लिहिण्याची पद्धत होती. 'छ' हे अक्षर त्या चंद्रतारखेचे सूचक होय. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि शुहूर वर्ष ३६५ दिवसांचे असल्यामुळे प्रत्येक शुहूर वर्षात सुमारे अकरा चंद्रतारखा दोनदा येतात, एकदा वर्षारंभी आणि एकदा वर्षाअखेरीस.

याचा परिणाम पाहण्यासाठी पानिपतचेच वर्ष घ्यावे. समजा, एखाद्या पत्रावर 'छ २५ सव्वाल, इहिदे सितैन मया व अलफ' अशी तारीख आहे. शब्दांचा अर्थ लावल्यास सन ११६१ येतो. या वर्षात सव्वालाची पंचविसावी तारीख गणिती कोष्टकानुसार १० जून १७६० रोजी येते आणि पुन्हा ३० मे १७६१ रोजीही येते. चंद्रदर्शनानुसार यात एखाद्या दिवसाचा फरक पडू शकेल, पण मूळ प्रश्न त्याने मिटत नाही. पहिल्या तारखेस सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे कूच करीत होती. दुसऱ्या तारखेस पानिपतचा संहार होऊन साडेचार महिने झाले होते आणि नानासाहेब पेशव्यांच्या मृत्यूस, म्हणजे २३ जून १७६१ या दिवसास, महिनाही उरला नव्हता. पत्रात रसदेची किंवा पैशाची तक्रार असेल, तर ती मोहिमेच्या पूर्वतयारीतील मानायची की पराभवानंतरच्या विपन्नावस्थेतील, हे तारखेच्या निवडीवर अवलंबून राहील.

असा निर्णय संपादक पत्राच्या आशयावरून घेतो आणि तसे करणे त्याचे कर्तव्यच असते. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघालेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांतही, सन नसलेल्या अथवा संदिग्ध पत्रांना तारखा देण्याचे काम संपादकांना करावे लागले. मुद्रित खंडात मूळ मिती आणि संपादकाने दिलेली इसवी तारीख शेजारी असतात. त्यामुळे अभ्यासकाला शंका घेण्यास वाव राहतो. परंतु हीच पत्रे संगणकीय तक्त्यात उतरवताना बहुधा केवळ इसवी तारखेचा रकाना ठेवला जातो. पुढे त्या तक्त्यावरून आलेख निघतात, कालपट तयार होतात. संपादकाचे अनुमान तेथे वस्तुस्थिती म्हणून वावरू लागते, आणि ते अनुमान होते याची खूणही शिल्लक राहत नाही.

परकीय साधनांतील तारखा :

युरोपीय साधने वापरताना तारखांचा प्रश्न सुटला असे अनेकदा गृहीत धरले जाते. वस्तुतः तेथेही दोन पद्धती होत्या. पोर्तुगालने १५८२ मध्ये ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले, तर इंग्लंडने ते १७५२ मध्ये स्वीकारले. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीज कागदपत्रांतील तारीख इंग्रजांच्या सुरत वखारीतील तारखेच्या दहा दिवस पुढे असते. अठराव्या शतकात हे अंतर अकरा दिवसांचे झाले. वसईच्या शरणागतीची तारीख काही ग्रंथांत ५ मे १७३९ आणि काहींत १६ मे १७३९ अशी आढळते, त्याचे कारण हेच होय. शिवाय १७५२ पूर्वी इंग्लंडचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी ते मार्च या काळातील इंग्रजी पत्रांवर मागील वर्षाचा आकडा असतो.

सुरतेच्या पहिल्या लुटीच्या वेळी शिवाजी महाराज बुधवार, ६ जानेवारी १६६४ रोजी शहराबाहेर येऊन दाखल झाले, अशी नोंद आपण पाठ्यपुस्तकांत देतो. ही तारीख जुन्या ज्यूलियन पद्धतीची आहे. तत्कालीन इंग्रजी वर्षगणनेप्रमाणे ते १६६३ साल होते. सुरतेतच वखार असलेल्या डचांच्या पंचांगात तो दिवस १६ जानेवारी १६६४ होता. वार मात्र सर्वत्र बुधवारच. वार हा दोन्ही पद्धतींत समान असल्यामुळे तारखेच्या पडताळणीचे ते सर्वांत सुलभ साधन ठरते, आणि म्हणूनच वार नोंदवणे अगत्याचे आहे.

शिवजन्माच्या तारखेचा दीर्घ वाद महाराष्ट्राला ज्ञात आहेच. शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया ही परंपरेने मानली गेलेली मिती होती. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणल्यानंतर शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया ही मिती पुढे आली. कवींद्र परमानंदकृत 'शिवभारत' या काव्यानेही तिला दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत केली. हीसुद्धा ज्यूलियन पद्धतीची तारीख असून ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च १६३० येतो. या वादाचा पुनर्विचार करण्याचा येथे हेतू नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, साधने छापली गेली आणि मिती मूळ शब्दांत उपलब्ध झाल्या, म्हणून हा वाद कागदपत्रांच्या आधारे चालवता आला. साधने खाजगी पेट्यांत राहिली असती, तर निर्णय केवळ प्रतिष्ठेच्या बळावर झाला असता.

स्थलनिर्देश आणि त्यांचे स्थलांतर :

कालाच्या तुलनेत स्थल स्थिर असते अशी आपली समजूत असते. मराठी कागदपत्रांचा अनुभव वेगळा आहे. वडगाव, पिंपळगाव, निमगाव अशा नावांची अनेक गावे असल्यामुळे मूळ लेखक 'मौजे अमुक, तर्फ अमुक, प्रांत अमुक' अशी साखळी देतो. ही साखळी हाच त्या गावाचा खरा पत्ता होय. बुद्रुक आणि खुर्द यांतील भेद गळला, तर चुकीच्या गावावर बिंदू पडतो. पुरंदरच्या १६६५ च्या तहात दिलेल्या २३ किल्ल्यांची यादी घेतल्यास कोंढाणा म्हणजे सिंहगड आणि रुद्रमाळ म्हणजे वज्रगड हे आपणांस ठाऊक असते. परंतु त्याच यादीतील काही नावांची स्थाननिश्चिती आजही एकमताची नाही. नकाशावर मात्र सर्व किल्ले सारख्याच आकाराच्या, सारख्याच रंगाच्या खुणांनी दाखवले जातात.

गावे जागाही बदलतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी व परिसरातील अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. उजनीच्या जलाशयात जुने पळसदेव बुडाले आणि गाव नव्या ठिकाणी वसले. पाणी ओसरले की तेथील जुने मंदिर दृष्टीस पडते. अशा गावांचा अठराव्या शतकातील उल्लेख आजच्या नकाशावरील बिंदूशी जोडला, तर नाव बरोबर आणि जागा चूक अशी स्थिती होते.

गावाच्या आतील भूगोलही बदलला आहे. इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीपासून मुंबई इलाख्यातील नव्या जमीनमोजणीचा पाया घातला गेला. त्यातून सर्व्हे नंबर आणि गावनकाशे निर्माण झाले. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानुसार जेथे एकत्रीकरण झाले, तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुन्या इनामाच्या कागदातील जमीन आजच्या सातबाऱ्याशी जोडायची असेल, तर या दोन क्रमांकांचा मेळ घालणारी नोंद हाताशी असावी लागते.

प्रशासकीय सीमांचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ते ३६ आहेत. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग व जालना, १९८२ मध्ये लातूर व गडचिरोली, १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम व नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली व गोंदिया आणि २०१४ मध्ये पालघर अशी ही वाढ झाली. जालना जिल्हा मुख्यतः तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून निघाला, परंतु त्यात परभणीतील परतूरही आले. म्हणजे १९७१ आणि १९९१ च्या जनगणनेतील परभणी हा एकच भूप्रदेश नव्हे. त्यातच २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर व उस्मानाबादचे धाराशिव आणि २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नाव, सीमा आणि स्थान या तीन गोष्टी स्वतंत्रपणे बदलतात. म्हणून त्यांची नोंदही स्वतंत्रपणे, कालमर्यादेसह झाली पाहिजे.

नकाशांच्या उपलब्धतेचा इतिहास :

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ मध्ये झाली. विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभले, त्याने उपखंडाला अचूक नकाशांचा पाया दिला. हे नकाशे राज्यकारभार आणि लष्कर यांच्या गरजेतून निर्माण झाले होते. स्वातंत्र्योत्तर काळातही सुरक्षेच्या कारणास्तव सीमा व किनारपट्टीलगतच्या सुमारे ८० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातील तपशीलवार नकाशे निर्बंधित राहिले. महाराष्ट्राच्या दृष्टीने या निर्बंधाचा अर्थ फार मोठा होता. संपूर्ण कोकण, सिंधुदुर्ग व सुवर्णदुर्गासारखे जलदुर्ग, रायगड आणि प्रतापगड हे सर्व या पट्ट्यात येतात. ज्या भूमीत स्वराज्य उभे राहिले, त्याच भूमीचे तपशीलवार नकाशे मराठी इतिहासाच्या सामान्य अभ्यासकाला सहजी मिळत नव्हते.

ही स्थिती टप्प्याटप्प्याने बदलली. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी वेगळी आणि नागरी वापरासाठी वेगळी अशा दोन नकाशामालिका ठरवल्या. २०१२ मध्ये शासकीय माहितीच्या देवाणघेवाणीचे राष्ट्रीय धोरण आले. २०१७ मध्ये १:५०,००० प्रमाणाचे नागरी मालिकेतील नकाशे संकेतस्थळावरून विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना भूस्थानिक माहिती गोळा करणे व प्रकाशित करणे यांवरील पूर्वपरवानगीचे बंधन बहुतांशी दूर केले आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण अधिसूचित झाले.

नकाशा हाती आला तरी तो वाचण्याची शिस्त लागते. जुने नकाशे एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८३० च्या लंबगोलावर आधारलेले आहेत. नव्या नागरी मालिकेचा आणि उपग्रहाधारित यंत्रांचा आधार निराळा आहे. दोहोंत शंभर मीटरच्या आसपास किंवा अधिक फरक पडू शकतो. एकोणिसाव्या शतकातील नकाशांवरील रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर अवलंबून होते. त्यांत दोन मिनिटांहून अधिक दुरुस्ती करावी लागते, म्हणजे आपल्या अक्षांशावर चार किलोमीटरहून जास्त अंतर. एखाद्या नाहीशा झालेल्या चौकीचे स्थान जुन्या नकाशावरून उचलताना कोणता आधार वापरला हे न लिहिल्यास पुढील अभ्यासक शेजारच्या गावात तिचा शोध घेत बसेल.

अन्यत्र झालेले प्रयत्न :

या प्रश्नांना इतर देशांतील अभ्यासकांनी दिलेली उत्तरे उद्बोधक आहेत. हार्वर्ड आणि शांघायच्या फुदान विद्यापीठांनी २००१ मध्ये चीनच्या ऐतिहासिक भूगोलाची माहिती प्रणाली उभारण्यास प्रारंभ केला. इ. स. पू. २२१ ते इ. स. १९११ एवढ्या दीर्घ काळातील प्रशासकीय स्थळांची नोंद तीत आहे. नाव, दर्जा किंवा सीमा बदलली की नवी नोंद होते आणि प्रत्येक नोंदीला आरंभ व अखेर असते. प्राचीन भूमध्यसागरी जगासाठी 'प्लीयडिज' हा खुला स्थलनामकोश असून त्यात अक्षांश-रेखांश ज्ञात नसलेल्या स्थळांनाही जागा आहे. 'पिरिओडो' या प्रकल्पात कालखंडांच्या व्याख्या त्या त्या अभ्यासकाच्या नावासह जतन केल्या जातात. तारखेच्या संदिग्धतेसाठीही आता मान्य संकेत आहेत. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या दुसऱ्या भागात 'अंदाजे' आणि 'अनिश्चित' यांसाठी स्वतंत्र चिन्हे दिली आहेत.

दक्षिण आशियाच्या बाबतीत जोसेफ श्वार्ट्झबर्ग यांचा १९७८ मधील ऐतिहासिक नकाशासंग्रह आणि इरफान हबीब यांचा मोगल साम्राज्याचा १९८२ मधील नकाशासंग्रह हे आदर्श ठरले आहेत. हबीब यांनी प्रत्येक नकाशासोबत टिपणे देऊन स्थळांच्या निश्चितीचे आधार सांगितले. मराठीत त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतच्या अभ्यासात भूगोलाला दिलेले महत्त्व याच परंपरेतील आहे.

नोंदीचा प्रस्तावित नमुना :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्थलकालविषयक प्रत्येक नोंदीत पुढील चार स्तर वेगळे ठेवणे आवश्यक आहे.

१) मूळ उल्लेख : कागदातील मिती व स्थळ मूळ शब्दांत. उदाहरणार्थ, 'छ २५ सव्वाल, इहिदे सितैन मया व अलफ' किंवा 'मौजे, तर्फ, प्रांत' ही पूर्ण साखळी.
२) रूपांतर : आजची तारीख व पंचांगपद्धती, वार, तसेच अक्षांश-रेखांश व त्यांचा आधार. एकाहून अधिक पर्याय संभवत असतील तर ते सर्व.
३) कारण : कोणती जंत्री, कोणता नकाशा, कोणता अंतर्गत पुरावा वापरला, आणि निर्णय कोणी व केव्हा घेतला.
४) विश्वासार्हता : निश्चित, संभाव्य किंवा अनिश्चित, यांपैकी एक.

संगणकाला तुलना सुलभ व्हावी म्हणून यासोबत ज्यूलियन दिनांक, म्हणजे इ. स. पू. ४७१३ पासून अखंड मोजलेली दिवसांची संख्या, द्यावी. पानिपतच्या दिवसाची ही संख्या २३६४२६६ येते. ती कोणत्याही पंचांगाची बाजू घेत नाही. सुरतेचा तो बुधवार इंग्रजी कागदात ६ आणि डच कागदात १६ असला तरी दोहोंची संख्या २३२८८३९ हीच राहते.

हा नमुना खर्चिक नाही. एका तालुक्यातील गावांचा असा स्थलनामकोश एका महाविद्यालयाच्या इतिहास आणि भूगोल विभागांना मिळून तयार करता येईल. जिल्हा गॅझेटियर, जनगणना पुस्तिका, गावनकाशे आणि प्रकाशित पत्रसंग्रह ही त्याची साधने सहज उपलब्ध आहेत. मोडी वाचणारी व्यक्ती गावोगावी राहिलेली नाही हे खरे. पण गावाचा जुना पाणंद रस्ता, बुडालेली वस्ती, बदललेले नाव सांगणारी वृद्ध माणसे अद्याप आहेत, आणि तो काळही फार उरलेला नाही.

खुलेपणाच्या मर्यादा :

खुलेपणाचा पुरस्कार करताना त्याच्या मर्यादाही मान्य कराव्या लागतात. असंरक्षित पुरातत्त्वीय स्थळाचे अचूक अक्षांश-रेखांश प्रसिद्ध झाल्यास गुप्तधन शोधणाऱ्यांना वाट दाखवल्यासारखे होईल. देवराया आणि आदिवासी समाजाची श्रद्धास्थाने यांच्याविषयीची माहिती त्या समाजाच्या संमतीविना नकाशावर येऊ नये. २०१९ मध्ये मांडलेल्या 'केअर' तत्त्वांचा रोख असाच आहे. जमिनीच्या जुन्या कागदांतून आजच्या कुटुंबांचे वाद उकरले जाणार नाहीत, याचीही दक्षता हवी. अशा ठिकाणी स्थान ढोबळ ठेवावे आणि ते ढोबळ ठेवल्याचे नोंदीत स्पष्ट लिहावे.

निष्कर्ष :

१) मराठेशाहीच्या साधनांतील मिती व स्थळे यांचे आजच्या तारखेत व अक्षांश-रेखांशात होणारे रूपांतर हा अर्थनिर्णय आहे. तो निर्णय उघड केल्याखेरीज माहिती खुली झाली असे म्हणता येत नाही.

२) शुहूर सन आणि हिजरी महिना यांच्या संयोगामुळे दरवर्षी सुमारे अकरा तारखा द्व्यर्थी ठरतात. अशा पत्रांना एकच तारीख देणे अशास्त्रीय असून दोन्ही पर्याय नोंदवले पाहिजेत.

३) गावे, सीमा आणि क्रमांक यांना कालमर्यादा असते. कालमर्यादा नसलेली स्थलनोंद इतिहासाच्या अभ्यासात दिशाभूल करते.

४) २००५ ते २०२२ या काळातील धोरणबदलांमुळे नकाशांच्या उपलब्धतेचा अडसर बराचसा दूर झाला आहे. उरलेले काम अभ्यासकांचे आहे.

राजवाडे यांनी गावोगाव फिरून दफ्तरे तपासली, मूळ पत्रे छापली आणि आपली मते प्रस्तावनेत स्वतंत्र मांडली. त्यांची काही मते पुढे खोडली गेली, परंतु ती खोडण्याचे साधन त्यांनी स्वतःच छापलेल्या पत्रांतून मिळाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून साधनप्रकाशनाची ही रीत मराठी संशोधनाच्या अंगवळणी पडली आहे. संगणकीय तक्त्यात आणि नकाशात तीच रीत पाळावयाची, तर मूळ मितीचा आणि मूळ मौजेचा रकाना कोरा ठेवता येणार नाही. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही पुण्या-मुंबईच्या दफ्तरखान्यात न जाता एखाद्या प्रस्थापित तारखेवर साधार शंका घेता आली पाहिजे, आणि त्यासाठी विभागाच्या पुढील प्रकल्पातील पहिल्या तक्त्यापासूनच आरंभ करणे शक्य आहे.